कापसाच्या खोलीतले शब्द

आमच्या घरात गोष्ट सांगणाऱ्याला गोष्टीचं माहेर सांगावं लागतं. म्हणजे ती कोणाकडून आली, कोणाच्या घरची, ते. ही रीत माझ्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही सुना मामाजी म्हणतो. गोष्ट कितीही रंगलेली असो, ती संपली की ते मिशीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, माहेर सांग. सांगता आलं नाही तर गोष्ट खोटी धरायची आणि पुढच्या खेपेला त्या माणसाला कोणी विचारायचं नाही.

मी आंजी गावात, या घरात आले तेव्हा मला स्वयंपाक बेताचा येत होता आणि निंदायला बसवलं तर मी तणाआधी कपाशीची पऱ्हाटी उपटायची. गोष्टी तेवढ्या यायच्या. अठ्ठावीस वर्षं मी या घरात गोष्टींवर निभावून नेलं आहे. लग्नघर असो की तेरवी, मला मधोमध बसवतात आणि मी सुरू होते. माझ्या पोळ्या करपतात त्या गोष्टीच्या नादात, आणि लोक त्या करपलेल्या पोळ्या खातात त्याही गोष्टीसाठीच, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे, पण ते जेवताना बोलत नाहीत.

आता जी गोष्ट सांगते आहे तिचं माहेर मीच आहे. म्हणून ती आजवर कुठं सांगितली नाही.

माझी धाकटी जाऊ वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. सकाळी आंजीहून बसने जायची आणि दुपारी चार-साडेचारला परत. सात वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. मूलबाळ नव्हतं. त्यावरून तिला घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण बाहेरची माणसं आली की चहाची कपबशी तिच्या हातून घेताना तिच्या पोटाकडे बघून मग तोंडाकडे बघायची. मीही नवी असताना हे सोसलं आहे. माझी दोन वर्षांत सुटका झाली.

मागच्या दसऱ्याच्या सुमाराला तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की ती जर्मन भाषा शिकते आहे. तिकडे नर्सा हव्या आहेत, भाषेची परीक्षा पास झालं की बोलावणं येतं, नवऱ्यालाही पुढं नेता येतं. नागपूरची एक बाई फोनवरून शिकवणी घेते. हे फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला माहीत होतं. मामाजींना परीक्षा पास झाल्यावरच सांगायचं, तेही दिरानेच सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं. कारण मामाजींच्या डाव्या तळपायाला साखरेच्या दुखण्यातली जखम होती. वर्ष होत आलं तरी भरत नव्हती. ती रोज संध्याकाळी धुऊन, औषध लावून, पट्टी बांधायची ती धाकटीच. दुसऱ्या कोणाला ते पायाला हात लावू देत नसत. मी एकदा पाहायला गेले आणि ओसरीत येऊन ओकले. त्यानंतर त्यांनी मला त्या कामातून माफी दिली होती.

तिला माझ्याकडून एकच पाहिजे होतं. कोणीतरी समोर बसून तिची घोकंपट्टी ऐकायची, वही धरून. "तुम्ही शिकलेल्या आहा ताई," ती म्हणाली. मी बाहेरून बी.ए. झालेली, तेही मराठीत. पण शिकलेली म्हटलं की मी विरघळते.

जागा कापसाची निघाली. आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, दसऱ्यापासून तिच्यात कापूस भरत जातो आणि भाव पटेपर्यंत पडून राहतो. छताला हात लागेल एवढा ढीग. त्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही, कापूस सगळं खाऊन टाकतो. मामाजी ओसरीवरच्या खाटेवर आणि आम्ही दोघी दहा-बारा हातांवर त्या ढिगात कंबरेपर्यंत बुडून. ती परक्या मुलखाची भाषा बोलायची आणि मी वहीत बोट ठेवून बरोबर की चूक ते सांगायची. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. पण चूक म्हणायला मला कधी अडचण आली नाही.

तोंडी परीक्षेत एक रोगी होतो आणि एक नर्स, म्हणून मी रोगी व्हायची. मी मामाजी करायची. खाकरून, पाय पुढं टाकून, "ए पोरी, पाय ठणकून राह्यला, कुठं मेली होती?" असं म्हणायची. ती हसता हसता जर्मनमध्ये धीर द्यायची. तिचं हसू बाहेर जात नव्हतं, हा त्या खोलीचा दुसरा फायदा.

त्या वहीत एक पान होतं. शिकवणाऱ्या बाईनं ते सावध करायला दिलं होतं. युरोपात शेजारी शेजारी देश, लिपी एकच, त्यामुळे शब्द तोंडवळ्याने अगदी सारखे दिसतात आणि अर्थ मात्र भलतेच. इंग्रजी येणाऱ्यानं इंग्रजीच्या भरवशावर जर्मन वाचलं की फसलाच. मिस्ट इंग्रजीत धुकं, जर्मनीत शेणखत. रॅट इंग्रजांचा उंदीर, तीच तीन अक्षरं जर्मनांचा सल्ला, म्हणायचं तेवढं रात. आर्म इंग्रजीत हात, जर्मनीत हातही आणि गरीबही. इंग्रजांचं दुखणं, पेन, त्याच स्पेलिंगने फ्रेंच माणसाच्या ताटात पाव होऊन बसतं, उच्चार तेवढा नाकातून. बाल्ड म्हणजे इंग्रजीत टकला, जर्मनीत लवकरच. एक शब्द तर असा की इटलीत त्याचं लोणी होतं आणि स्पेनमध्ये गाढव. बुर्रो.

ते पान मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी कढी उतू गेली. मला वेडच लागलं. ती दवाखान्यात असताना मी फोनवर असे आणखी शब्द शोधायला लागले. स्वीडनमध्ये बार्न म्हणजे लेकरं आणि इंग्लंडात बार्न म्हणजे गुरांचा, धान्याचा कोठा. तिकडच्या आयांनी लेकरं कोठ्यात कोंडली की काय, असं मी तिला विचारलं, तर तिने फक्त वही पुढं केली. तिला परीक्षा होती. मला करमणूक सापडली होती.

त्या पानावर एक शब्द होता किंड. इंग्रजीत तो काइंड, म्हणजे दयाळू. तीच चार अक्षरं जर्मनीत मूल. मी तो पहिल्यांदा विचारला तेव्हा तिने उत्तर दिलं आणि लगेच पुढचा विचारा म्हणाली, एवढ्या घाईनं की मला ते कळलं. कळलं म्हणून मी तो दुसऱ्या दिवशीही विचारला, ओळ सोडून, मध्येच. तिसऱ्या दिवशीही. ती दर वेळी बरोबर सांगायची. मी स्वतःला म्हणायची की परीक्षेची तयारी आहे, मास्तरीण काय कोमल शब्द गाळते?

खरं सांगायचं तर पौष लागला तसं मला दुसरंच दिसायला लागलं होतं. ती चांगली बोलायला लागली होती. फोनवरची बाई तिची तारीफ करायची. म्हणजे ती जाणार. आणि ती गेली की ओसरीवरची ती खाट, तो पाय, तो वास, ते तांबडे ओले कापसाचे बोळे, हे सगळं कोणाकडे येणार? मी रात्रंदिवस तेच मोजायला लागले नाही, एवढी काही मी नीच नाही. फक्त वही धरली की मला ते आठवायचं. शिवाय दुसरंही एक होतं, आणि ते सांगायला मला पायाच्या वासापेक्षा जास्त जड जातं. या घरात शहाणी म्हणून मी होते. शब्द माझे होते. आता माझ्याहून सोळा वर्षांनी लहान बाई दवाखान्यातून येऊन, हातपाय धुऊन, कापसात बसून दुसऱ्या मुलखाची भाषा बोलत होती, आणि मी वहीवर बोट ठेवून होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडे शेतात रोडगे होते. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगते, कणकेचे पदर घालून मोठाले गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचे. हे काम पुरुषांचं. बायकांकडे वांग्याची भाजी आणि वरण. रोडगे पक्के व्हायला दीड तास लागतो, दोन तासही लागतात. त्या वेळात पोटात भूक, नाकात धूर आणि करायला काही नाही. म्हणून ती वेळ माझी. कित्येक वर्षांपासूनची. पवनारहून मोठी नणंद आणि तिचे यजमान आले होते, आंजीतलेच चुलते-चुलत्या होत्या, सगळे मिळून वीस-बावीस माणसं. मामाजींना खुर्ची टाकून आंब्याखाली बसवलं होतं, पाय दुसऱ्या खुर्चीवर, त्यावर धाकटीनं सकाळीच बांधलेली पांढरी पट्टी.

सगळ्यांनी मला खुणावलं. मी त्या दिवशी आजोबा आणि रानडुकराची गोष्ट सांगू शकत होते. ती ठरलेली होती. मी मात्र शब्द काढले.

आराकडे बोट करून मी म्हटलं की हे जे जळून राह्यलं ते इंग्रजांच्या देशात सकाळी झाडांवर उतरतं आणि लोक त्यावर कविता करतात. मिस्ट सांगितला, हशा झाला. नणंदेच्या यजमानांच्या टकलाकडे बघून बाल्ड सांगितला, म्हटलं आमच्या जावयबापूंना जर्मनीत लवकरच म्हणतात. ते स्वतःच जास्त हसले. मग उंदीर आणि सल्ला, यांच्यावर मी आमच्या ह्यांना घेतलं. मग पाव आणि दुखणं. माणसं गोवऱ्या सारायची विसरली. आणि मग मी बुर्रोवर आले. म्हटलं, शब्दही सुनांसारखेच असतात बाप्पा. एकच पोरगी, माहेरी लोणी, सासरी गाढव. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मामाजीसुद्धा हसले, आणि ते हसले म्हणजे माझं पीक आलं.

तिथंच थांबायला हरकत नव्हती. मी किंड सांगितला. इकडं दयाळू, तिकडं लेकरू. एका चुलतसासूनं माझ्याकडून नजर काढून धाकटीकडे नेली, मग तिच्या कमरेकडे. धाकटी भाजीच्या गंजापाशी होती. तिने गंजात पळी फिरवली आणि फिरवतच राहिली.

मामाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"माहेर सांग वं."

मला माहीत होतं ते विचारणार. अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारायचे चुकले नव्हते. आणि माझ्याजवळ उत्तर तयार होतं, मोबाईलवर वाचलं म्हणून. आता निम्म्या गोष्टींचं माहेर मोबाईलच असतं, मामाजी ते चालवून घेतात. अर्धं तर ते खरंही होतं. मी धाकटीकडे पाहिलं. तिने पळी धरूनच मान हलवली, एवढीशी, मलाच दिसेल अशी. दीर आरापाशी उकिडवा बसला होता, तो राखेकडे बघत होता.

मी म्हटलं, "आपल्या धाकटीची होय. थे जर्मनीले चालली ना नोकरीवर, त्याचीच परीक्षा देऊन राह्यली."

मी हे हसत म्हटलं. सहज. जसं काही सगळ्यांना माहीतच आहे.

मामाजींनी फक्त दिराकडे पाहिलं आणि दिराने एक रोडगा चिमट्यानं बाहेर काढला, तो अजून कच्चा होता, म्हणून परत आत ढकलला. मग मामाजी म्हणाले, चांगली गोष्ट हाय. पुढं तासाभरानं जेवणं झाली. त्यांनी दोन रोडगे खाल्ले, तूप मागून घेतलं, भाजी चांगली झाली म्हणाले. मला वाटलं, बघा, उगाच भ्यायले होते सगळे. मी तर उलट धाकटीचं काम सोपं करून दिलं. घरी येताना ट्रॉलीत बसून मी हेच स्वतःला सांगत होते आणि दोनदा तिच्याकडे बघून हसलेही.

त्या संध्याकाळी ती तबक घेऊन ओसरीवर गेली. गरम पाणी, औषध, पट्टी. मामाजींनी पाय पोटाशी ओढून घेतला आणि त्यावर घोंगडी घेतली.

"राहू दे पोरी. जाणारीच्या हातची सवय कायले लावून घ्याची?"

ती म्हणाली, आणखी सहा महिने तरी मी कुठं जात नाही, आधी परीक्षा आहे. ते म्हणाले, मग सहा महिन्यांनी सोडावी लागणारी सवय आजच सोडलेली बरी. मी करते म्हणाले मी, दारातून, आणि माझा आवाज मलाच पटला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमचे हे बोलून बघायला गेले, दीर गेला, डॉक्टरला घरी आणू म्हणाले. मामाजी शांतपणे ऐकायचे आणि घोंगडी आणखी खाली ओढायचे. तोंडानं एकही वाईट शब्द नाही. फक्त पाय द्यायचा नाही.

दहा-बारा दिवस हे चाललं. ती रोज तबक नेत होती आणि रोज तसंच परत आणत होती. नर्स असल्यामुळे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, हेच वाईट. मी स्वयंपाकघरात असायची तेव्हा ती येऊन म्हणायची, ताई, वास बदलला. एके दिवशी म्हणाली, ताई, ताप असंन त्याईले, डोये पाहा. कापसाच्या खोलीत आमचं बसणं बंद झालं होतं. तिने बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. परीक्षा जवळ आली होती. ती एकटीच तिथं जायची की नाही, मला सांगता येणार नाही, कापूस काही बाहेर येऊ देत नाही.

एका सकाळी मामाजींनी तिला खाटेजवळ बोलावलं. ते काय म्हणाले ते मी भिंतीआडून ऐकलं, कारण भिंतीआडून ऐकणं हाही माझ्या धंद्याचाच भाग आहे. ते म्हणाले की देवासमोर उभी राहून 'जात नाई' म्हण, लगेच पाय देतो. तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "नाई म्हणत मी तसं." आणि बसची वेळ झाली म्हणून गेली. मला त्या क्षणी तिचा राग आला. म्हातारा माणूस सडून राहिला आहे आणि ही आपली तडजोड करत नाही. पुढं कितीतरी दिवसांनी मला सुचलं की राग करायला तिथं आणखी दोन माणसं होती, एक खाटेवर आणि एक भिंतीआड.

परीक्षेचा दिवस शनिवार. सकाळी सातला ती तयार होऊन आली, निळा ड्रेस, पिशवीत आधारकार्ड, डबा, पाण्याची बाटली. दीर गाडी काढून उभा होता, वर्ध्याहून पुढं रेल्वेनं नागपूर. निघताना पाया पडायला ती खाटेजवळ वाकली. मामाजी अर्धवट गुंगीत होते, घोंगडी सरकलेली. तिने ती उचलून पाहिली. पट्टी कधीची गळून गेली होती आणि कडेची दोन बोटं काळी पडली होती.

तिने पिशवी माझ्या हातात दिली. एवढंच. मग ती बोलायला लागली ती एकदम दवाखान्यातल्या आवाजात, शेजारची चारचाकी बोलवा, चादर आणा, पाय उंच धरा, तुम्ही मागं बसा. कोणीही तिला आठवण करून दिली नाही की तुझी परीक्षा आहे. मीही नाही. पिशवी माझ्याच हातात होती, डब्यातल्या मेथीच्या पराठ्यांचा गरमपणा कापडातून लागत होता. दिवसभर ती पिशवी घरी खुंटीवर राहिली. संध्याकाळी मी पराठे गाईला दिले.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, माणूस वाचला. धाकटी पंधरा दिवस वर्ध्याला दवाखान्यात त्यांच्यापाशीच होती, रजा काढून. तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या. भेटायला आलेल्यांना मामाजी उशीला टेकून सांगायचे की घरात नर्स असली का दोन बोटांवरच भागते. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. ती समोर उभी राहून सलाईनची बाटली बदलायची.

घरी परत आल्यावर एका दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. मी केव्हापासून काहीतरी बोलायला बघत होते. मला माफी मागता येत नाही, मला फक्त गोष्ट सांगता येते, म्हणून मी एका जुन्या गोष्टीनं सुरुवात केली होती, माझ्या मावशीची, तिच्या तोंडून एकदा असंच काही निसटलं होतं ती. धाकटीनं मला मध्येच थांबवलं.

"ताई, तुम्हाले माईत होतं ना, मामाजी माहेर इचारतीन म्हणून?"

मी म्हटलं, होतं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली. मावशीची गोष्ट तिने पुरी करायला सांगितली नाही.

होळीच्या आधी कापूस विकला गेला. खोली रिकामी झाली, आणि रिकाम्या खोलीत ती पुन्हा बसायला लागली, आता दार उघडं टाकून. आवाज भिंतींवर आपटून सगळ्या घरभर घुमायचा. मला स्वयंपाकघरात एक एक शब्द ऐकू यायचा. मामाजींना खाटेवर ऐकू यायचा. त्यांनी दोन दिवस खोकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आम्ही सगळे असताना, आणि म्हणाली की जेठ महिन्यात परत परीक्षा आहे, मी देणार, पास झाली तर जाणार. आधीच सांगून ठेवते, मग कोणाच्या तोंडून नको.

मामाजींनी विचारलं, पायाचं काय.

"ताई करतीन," ती म्हणाली. मला विचारलं नव्हतं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते पुन्हा घोंगडी ओढतील. पण दोन बोटं गेलेल्या माणसाची ती हिंमत उरली नव्हती, किंवा त्यांना माझं तोंड बघून गंमत वाटली असावी. त्यांनी पाय माझ्याकडे सरकवला.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. ती स्टुलावर बसायची, हात मागं बांधून, आणि कशालाही हात लावायची नाही. मी पाणी गरम करायचं, हात धुवायचे, हातमोजे घालायचे, जुनी पट्टी भिजवून सोडवायची. पहिल्या दिवशी मी दोनदा अंगणात पळाले. ती वाट बघत बसली. मी तोंड धुऊन आले की ती म्हणायची, हात पुन्हा धुवा. मी पट्टी बांधली की ती पाहायची आणि म्हणायची, सैल आहे, सोडा. मग घट्ट झाली, सोडा. मग गाठ जखमेवर आली, सोडा. एका संध्याकाळी तिने मला ती पट्टी अकरा वेळा बांधायला लावली. तिचा आवाज कधी चढला नाही. मामाजी उशीला टेकून बघत होते आणि नवव्या वेळी म्हणाले, "थोरली हुशार हाय, पण हात अडाणी." तिने त्यावर हसावं असं मला वाटत होतं, माझ्या बाजूनं नाही तर निदान त्यांच्या बाजूनं. ती हसली नाही. जखमेकडेच बघत होती.

मधूनच ती मला विचारायची, लाली किती आहे? कडा कशा आहेत? वास? मला ते शब्दांत सांगावं लागायचं. बरं दिसतं, असं म्हटलेलं तिला चालत नव्हतं. बरं म्हणजे काय, ती विचारायची. कालच्यापेक्षा किती? आयुष्यभर मी ज्या शब्दांवर पोळ्या खाल्ल्या त्यातला एकही तिथं उपयोगी पडला नाही. तिला रंग पाहिजे होता, मापं पाहिजे होती.

ती पास झाली. बैलपोळ्यानंतर गेली. नागपूरच्या विमानतळावर सगळे होते, मामाजी आणि मी नव्हतो, कारण पट्टीची वेळ होती आणि ती म्हणाली की वेळ चुकवायची नाही. निघताना मामाजींच्या पाया पडली, मोठ्या दिराच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्याही. माझ्याही पडली, घाईघाईत, तिच्या बोटांचा स्पर्श झाला न झाला. दीर अजून इथंच आहे, त्याचे कागद व्हायचे आहेत. तो संध्याकाळी पुलगावहून, कामावरून येतो आणि गप्प जेवतो. माझ्याशी तो त्या रविवारपासून कामापुरतंच बोलतो.

नातेवाईक आता मला गोष्टी सांगायला लावतात तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, ते शब्दांचं सांगा ना, गाढव आणि लोणी. मी सांगत नाही. पस्तावा दाखवायचा म्हणून नाही, आता ते नीट आठवतच नाही. वही ती घेऊन गेली आहे.

दर रविवारी तिकडे दुपार असते तेव्हा तिचा व्हिडिओ येतो. तिच्यामागं पांढरी भिंत, कधी खिडकी, खिडकीत काळपट झाडं. आधी दिराशी बोलते, दार लावून. मग मामाजींशी. त्यांची साखर विचारते, गोळ्या विचारते. मग म्हणते, ताईला द्या.

मी कशी आहे ते ती विचारत नाही. मीही तिला विचारत नाही. मी एकदा विचारलं होतं की तिकडची माणसं कशी आहेत, तर म्हणाली, चांगली आहेत, फोन खाली धरा.

मी फोन पायाजवळ नेते.

"उजेडात घ्या. आणखी. बोटांच्या मधात दाखवा."

मी दाखवते. मामाजी पाय हलवून मदत करतात, त्यांना हा कार्यक्रम आवडतो. शेजारपाजारची कोणी आलेली असेल तर तीही वाकून बघते. पलीकडे धाकटी डोळे बारीक करून पाहत असते. तिच्या मागून कोणीतरी तिला हाक मारतं, ती तिकडे वळून त्यांच्या भाषेत भरभर काहीतरी बोलते, ते माणूस हसतं, तीही हसते. तसं ती आमच्या कापसात हसायची. मग पुन्हा इकडे वळते तेव्हा ते हसू गेलेलं असतं.

"डाव्या कडेले ओलं हाय. सोडा, पुन्हा बांधा. मी थांबते."

मी फोन मामाजींच्या छातीवर उभा करून ठेवते आणि पट्टीची गाठ सोडते.